त्याचं प्रारब्ध, माझं क्रियमाण

मशीन ऑपरेटर घ्यायचेत ही बातमी चाकणमध्ये बोर्ड लागायच्या आधीच पोहोचते. फर्स्ट शिफ्ट आत गेली की गेटपाशी पोरं दिसायला लागतात. पाठीला सॅक, हातात प्लॅस्टिकची फाईल. फाईलमध्ये आधारची झेरॉक्स, आयटीआयची मार्कशीट, एखाद्याकडे आधीच्या ठेकेदाराचं अनुभवाचं पत्र, त्यावर सही असते पण तारीख नसते. बीड, परभणी, नांदेडकडची असतात, बिहार-ओडिशाची असतात. चौघं-पाचजण एका खोलीत कॉट बेसिसवर राहतात आणि कुठल्या कंपनीत किती देतात हे आमच्या एचआरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

मी मूळचा टर्नर. बार्शीकडच्या गावातून आयटीआय करून आलो, लेथवर उभा राहिलो, पुढे सेटर झालो, सुपरवायझर झालो. निवृत्तीनंतर दोन-तीन लहान कारखान्यांना ऑपरेटर निवडून द्यायचं काम करतो. कागद एचआर बघतं, माणूस मी बघायचा अशी वाटणी आहे. घरात पंढरीची वारी आहे, गळ्यात माळ आहे. त्यामुळे मुलाखती संपवून घरी आलो की एक प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत येतो: समोर बसलेल्या पोराचं पुढचं वर्ष आपण ज्या हाताने खोडलं, तो हात कुठल्या अधिकाराने उचलला?

हा प्रश्न एचआरच्या पुस्तकात नाही. तिथे फक्त योग्य उमेदवार कसा ओळखावा एवढंच असतं. ते मला बऱ्यापैकी जमतं, आधी तेच सांगतो.

मी प्रश्न कमी विचारतो, वस्तू जास्त देतो. टेबलावर एक पायऱ्यांचा जॉब आणि व्हर्नियर ठेवलेलं असतं. ‘मोज’ म्हटलं की काहीजण सरळ जॉब उचलतात. एखादा आधी व्हर्नियरचे जबडे बंद करून शून्य जुळतंय का बघतो. त्या पोराचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं. मग ड्रॉइंग देतो. शाफ्ट, व्यास 25, पुढे बारीक अक्षरात एच 7. म्हणजे वर काही सूट नाही, खाली 21 मायक्रॉन. हे पाठ नसलं तरी चालतं, ‘सर, चार्ट आहे का?’ असं विचारणारा मला पाठ असणाऱ्याइतकाच आवडतो. मग सांगतो, लागोपाठ तीन जॉब मोजलेस, 24.990, 24.994, 24.997 आले. आता काय करशील? बरेचजण म्हणतात, लिमिटमध्ये आहे, चालू ठेवतो. खोटं नाही ते. पण ज्याला आकडा चढताना दिसतो, इन्सर्ट घासतंय हे कळतं, जो म्हणतो ऑफसेटमध्ये थोडा मायनस देतो, किंवा अजून ऑफसेटला हात लावायची परवानगी नसेल तर सेटरला बोलावतो, त्याला मी आत घेतो.

ड्रिल मशीनवर काम करताना ग्लोव्ह घालायचे का, हाही एक प्रश्न असतो. भिंतीवरच्या सेफ्टीच्या पाट्या वाचून वाचून पोरं मोठ्याने ‘हो सर’ म्हणतात. फिरत्या स्पिंडलजवळ ग्लोव्ह घालायचे नसतात, कापड गुंडाळलं जातं आणि मागोमाग बोटं जातात. ज्याने हे कुणाचं तरी झालेलं पाहिलंय, तो उत्तर देताना आवाज खाली आणतो.

शेवटचा प्रश्न: तुझ्या हातून जॉब रिजेक्ट झाला तेव्हा कुणाला सांगितलंस? ‘माझ्या हातून कधी झालाच नाही’ म्हणणाऱ्याच्या नावापुढे मी खूण करतो, आणि ती खूण चांगली नसते. पण त्या पोराची बाजूही खरी आहे. कितीतरी ठिकाणी लाल डब्यात जॉब टाकणाऱ्याचा इन्सेंटिव्ह कापतात, आणि तोच जॉब गुपचूप चांगल्या मालात सरकवणाऱ्याचा कापत नाहीत, कारण तो सापडत नाही. सत्याचे गोडवे गाणाऱ्या देशात सत्याला असा दंड बसवलेला आहे.

इतकं सगळं झालं तरी दहाजणांतले सात-आठजण परत जातात. जाताना त्यांतला एखादा स्वतःलाच समजावतो, ‘जाऊ द्या साहेब, नशिबात नव्हतं.’ त्याच्या तोंडी ते मला खटकत नाही. रात्री खोलीवर झोप लागण्यासाठी माणसाला काहीतरी लागतं. खटकतं ते आमच्या बाजूला बसलेल्याच्या तोंडी. ठेकेदाराचा माणूस यादी घडी घालून खिशात ठेवताना म्हणतो, ‘त्याचं नशीब, दुसरं काय.’ मॅनेजर म्हणतो, ‘सगळ्यांचं प्रारब्ध सारखं थोडंच असतं.’

आपल्याकडे कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला सुरू झालेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता आपण करतोय ते क्रियमाण. लहानपणी आमच्या देवळात सप्ताहात महाराज हे समजावून द्यायचे, तेव्हा तिन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातले वाटायचे. मुलाखतीच्या टेबलाशी बसल्यावर मला त्यातली दुसरी गोष्ट दिसली. टेबलाच्या पलीकडून बघितलं तर नाकारलं जाणं हे त्या पोराचं प्रारब्ध असेलही, मी नाही म्हणत नाही, मला त्याचं संचित दिसत नाही. पण घटना एकच आहे, आणि अलीकडून बघितलं तर तीच माझं क्रियमाण आहे. मी ती आत्ता करतोय, माझ्या पेनाने, माझ्या बुद्धीने, कदाचित माझ्या कंटाळ्याने. तिचा हिशेब माझ्या खात्यात लिहिला जाणार. मग त्याच्या खात्यातला शब्द उचलून मी माझी नोंद पुसू कशी?

कर्माचा सिद्धांत मानणाऱ्यानेच हे आधी ओळखायला हवं. जो मानत नाही तो फार तर म्हणेल की निवड चुकली. जो मानतो त्याला ‘त्याचं नशीब’ म्हणून उठून जायची सोय नाही.

एक उदाहरण सांगतो. एका कारखान्यात ऑपरेटरच्या भरतीत रंग ओळखायची चाचणी होती. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी तयार केलेली ठिपक्यांची चित्रं, ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. लातूरकडचा एक पोरगा, मोजमापात पक्का, ड्रॉइंगमध्ये पक्का, त्या पानांवर अडकला. लाल-हिरव्याचा दोष आपल्याला आहे हे त्याला तिथे, आमच्यासमोर, पहिल्यांदा कळलं. हा दोष जन्मतः असतो, बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला त्रास नसतो. प्रारब्धाचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. फॉर्मवर ‘अनफिट’ असा रकाना होता आणि एचआरच्या मुलीने त्याच्यावर पेन टेकवलंही होतं.

मी तिला थांबवलं आणि विचारलं, सीएनसीवर रंग कुठे लागतो? ती म्हणाली, ‘काका, मशीनवरचा टॉवर लॅम्प.’ बरोबर. पण टॉवर लॅम्पमध्ये लाल दिवा वर असतो, पिवळा मधे, हिरवा खाली. रंग नाही कळला तरी कुठला पेटलाय ते कळतं. शिवाय अलार्म स्क्रीनवर अक्षरांत येतो. वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला रंग हवाच, तिथे चाचणी ठेवावी. ऑपरेटरला ती लावली होती कारण फॉर्म दुसऱ्या मोठ्या कारखान्याच्या फॉर्मवरून उतरवला होता. म्हणजे त्या पोराच्या डोळ्यांतला दोष त्याच्या जन्माबरोबर आला होता, पण त्या दोषामुळे नोकरी जाणं हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं होतं. मालकाशी बोलून तो रकाना काढला. पोरगा लागला. आजही तिथेच आहे.

त्यानंतर मी प्रत्येक अटीला हाच प्रश्न विचारतो: यातलं यंत्र किती मागतंय आणि आम्ही किती मागतोय?

कारण यंत्राच्या नावाखाली माणसांनी काय काय मागितलंय त्याचा इतिहास मुंबईतच आहे. कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी चांगली होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. कारण यांत्रिक दिलं जाई. धोट्यातलं सूत संपलं की नव्या कांडीचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला एकाचं तोंड लागलं त्याला दुसरा तोंड लावणार नाही. म्हणून ती माणसं कमी पैशाच्या स्पिनिंग खात्यात. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न युनियनपुढे स्पष्ट मांडला होता. धोटा तोंडाने भरणं हे आरोग्याच्या दृष्टीनेही वाईट होतं, सगळ्यांच्याच छातीचं नुकसान करणारं. पण ती पद्धत बदलण्याऐवजी माणसंच गाळली गेली. पुढे 1936 साली छापलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी मांडलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. मला ते वाक्य विणकाम खात्याच्या दारात उभं राहून समजतं.

आमच्यातले एक पाठक म्हणून गृहस्थ आहेत असं समजा, खरं नाव लिहीत नाही. क्वालिटीत आयुष्य गेलं, गीता रोज वाचतात. ते म्हणतात, गीतेत वर्ण गुण आणि कर्म पाहून सांगितलेत, आपण ट्रेड टेस्ट घेतो म्हणजे तेच करतो की. मी त्यांना म्हणतो, मग त्याला परीक्षेचे नियम लावा. आपल्या प्रत्येक मायक्रोमीटरवर स्टिकर असतो, कधी तपासला आणि पुढची तपासणी कधी. तारीख उलटली की तुम्हीच तो वापरू देत नाही. गुण पाहून माणूस ठरवायचा तर त्यालाही पुढची तारीख हवी. आज नापास झालेला दिवाळीनंतर येऊन पास होऊ शकला पाहिजे, आणि बापाच्या निकालावर पोराला बसवता येणार नाही. जन्माला आलेल्या बाळाची ट्रेड टेस्ट कोण घेणार? पाठक हसतात आणि चहा मागवतात. त्यांनी हे मान्य केलंय की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आमच्या भागातला माणूस निवडीबद्दल बोलायला लागला की त्याला संत गोरोबाकाका कुंभार आठवतातच. तेर आमच्यापासून लांब नाही. तेरणेच्या काठी गोरोबांची समाधी आहे. कथा सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती, मुक्ताबाईंनी थापटणं बघून विचारलं हे कशाला, काका म्हणाले मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग आमचीही पारख करा, असं म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले, नामदेव चिडले, आणि कच्चं मडकं ठरले.

महाराज कीर्तनात ही कथा अहंकारावर सांगतात. मी ती भरती करणाऱ्याच्या डोळ्याने वाचतो, आणि मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात ज्यांवर कीर्तनात फारसं कुणी थांबत नाही.

पहिली, नामदेवांचं पुढे काय झालं. कच्चं ठरवून कुणी त्यांना उकिरड्यावर टाकलं नाही. काय कमी आहे ते सांगितलं गेलं: गुरू नाही. कुठे जायचं तेही सांगितलं गेलं: विसोबा खेचरांकडे. औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा त्यांना भेटले आणि राहिलेली भाजणी तिथे झाली, अशी कथा आहे. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्या दिवशी पक्क्या ठरलेल्यांपैकी इतक्या लांब कुणाचा शब्द पोहोचला? निकाल बरोबर होता असंच मी मानतो. पण तो त्या दिवसापुरता होता, आणि त्याच्यासोबत पत्ता होता.

दुसरी गोष्ट अवघड आहे. थापटणं ज्यांच्या हातात होतं ते गोरोबा स्वतः कोण? भजनात रंगून चिखल तुडवताना स्वतःचं तान्हं मूल पायाखाली आलेलं ज्यांना कळलं नाही ते. पुढे शपथ मोडली म्हणून ज्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले ते. कथेत विठ्ठल मूल परत देतो, हातही परत देतो. कीर्तनात तिथे टाळ्या पडतात, माझेही डोळे भरतात. पण कारखान्यातला माझा जन्म मला विचारतो, गोरोबाकाका ऑपरेटर म्हणून आले असते तर त्यांना पॉवर प्रेसवर घेतलं असतंस? उत्तर आहे, नाही. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं, जेवायला घरी नेलं असतं, आणि प्रेसवर घेतलं नसतं. प्रेसवर गेलेली बोटं विठ्ठल परत देत नाही. ती पोरं मी पाहिली आहेत, सही करताना डाव्या हातात पेन धरणारी.

हे उत्तर मला सापडलं तेव्हा बरं वाटलं, कारण त्याने माझा अधिकार नेमका केवढा ते दाखवलं. प्रेसवर लक्ष ठरणार नाही असं मी गोरोबांबद्दल म्हणू शकतो. त्यांच्याबद्दल त्याहून जास्त काही म्हणायचा मला अधिकार नाही. तसंच गेटवरून परत जाणाऱ्या पोराबद्दल. ‘हा बेकार आहे’, ‘हा कामाचा नाही’ ही वाक्यं आमच्या केबिनमध्ये सर्रास ऐकू येतात. ती माझ्या मते पाप आहेत, आणि शिवाय चूक माहिती आहेत. खरी माहिती एवढीच असते: याला आज मायक्रोमीटर वाचता आला नाही.

माळेचा प्रश्नही इथेच येतो. हातातलं कडं, मनगटावरचा लाल दोरा, बोटातली अंगठी, गळ्यातली तुळशीमाळ. फिरत्या यंत्राजवळ सैल काही चालत नाही. 1948 च्या कारखाने कायद्यातही चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं 22 व्या कलमात होतं. एका पोराने दोरा काढायला नकार दिला. आईने वैष्णोदेवीहून आणला होता. सुपरवायझर म्हणाला, कापून टाक नाहीतर जा. मी त्याला माझी माळ दाखवली. लेथवर असताना ती मी बनियनच्या आत, वर गळ्यापर्यंत बटण, अशी ठेवत आलो. मनगटावरच्या दोऱ्याला ही सोय नाही, म्हणून त्याला सांगितलं, दंडाला बांध, बाहीच्या आत. त्याने तिथेच बांधला. यंत्राला मनगट मोकळं हवं होतं, श्रद्धा काढून ठेव असं ते म्हणत नव्हतं. अशा वेळी आपणच यंत्राच्या तोंडी आपले शब्द घालतो.

आमचा एक जुना सेटर वसईचा, ख्रिश्चन. त्याने मला बायबलमधली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. मालक पहाटे नाक्यावरून मजूर नेतो, मग पुन्हा येतो, दुपारी येतो, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना येतो, तरी काहीजण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. त्यांनाही नेतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. या गोष्टीवरून रस्किनने आपल्या पुस्तकाचं नाव घेतलं, ते पुस्तक गांधीजींनी 1904 साली दक्षिण आफ्रिकेत रेल्वेत वाचलं, आणि ‘सर्वोदय’ त्यातून आला. मला तो मालक होता येणार नाही. द्राक्षं तोडताना बोटं जात नाहीत, माझ्याकडे जातात, म्हणून मला पारखावंच लागतं. पण त्याने विचारलेला प्रश्न मला विचारता येतो. का उभा आहेस? आधीचं काम का सुटलं? उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं: ठेकेदाराने सात महिन्यांनी ब्रेक दिला. त्या पोरात खोट नसते. त्याच्या बायोडाटामधली गॅप आमच्याच लोकांनी पाडलेली असते, आणि पुढच्या टेबलावर आमच्यासारखाच कुणीतरी तिच्यावर बोट ठेवून विचारतो, ‘सारखा कंपन्या का बदलतोस रे?’

कामगार मिळत नाहीत आणि नोकऱ्या नाहीत, ही दोन्ही वाक्यं मी एकाच दिवसात, एकाच गेटच्या आत आणि बाहेर ऐकतो.

टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यांकडे एक मागणं आहे. ज्याला नाही म्हणताय त्याला त्याच दिवशी, त्याच्या भाषेत, एक ओळ लिहून द्या. मायक्रोमीटर येत नाही, इथल्या आयटीआयमध्ये संध्याकाळी शिकवतात. ड्रॉइंग कच्चं आहे, मार्चमध्ये परत ये. ‘कळवतो’ म्हणू नका, कारण तुम्ही कळवत नाही, आणि तो खोलीचं भाडं भरत वाट बघतो. त्या एका ओळीला दोन मिनिटं लागतात. कारखान्याचा लेटरहेड लागत नाही, त्याच्याच बायोडाटाच्या मागची कोरी बाजू पुरते.